गालफडं का बसतात?

आधार कार्डावरच्या फोटोतली बाई आणि समोर बसलेली आजी एकच, हे पटायला कधीकधी वेळ लागतो. मधल्या काळात तिचे दात गेलेले असतात.

नांदेड-लातूरच्या खेड्यांत दात जाण्यामागे बऱ्याचदा तंबाखू असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिश्रीला बंदी कोण घालणार? ती घरच्याच तव्यावर काळी होईस्तोवर भाजली जाते आणि सकाळ-दुपार हिरड्यांवर घासली जाते. हिरड्या सुटतात, दात हलतात, मग 'हलतोयच तर काढून टाका'.

दात ज्या हाडात रोवलेला असतो, ते हाड दात काढल्यावर झिजू लागतं. पहिल्या वर्षी झपाट्यानं, पुढे सावकाश, पण थांबत मात्र नाही. आन्त्ये टालग्रेन या संशोधिकेनं कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची एक्स-रेवर २५ वर्षांपर्यंत मोजमापं घेतली. १९७२ साली तिनं दाखवून दिलं, की खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. शिवाय वरचा जबडा झिजताना आत सरकतो, त्यामुळे वरचा ओठ टेकू गेल्यासारखा आत वळतो. ओठांची लाली दिसेनाशी होते, गाल खोल जातात.

उरलेलं काम हनुवटी करते. वरखालचे दात टेकले की जबडा थांबतो. ते टेकणंच संपल्यावर तोंड मिटताना हनुवटी वर चढून नाकाकडे येते. ओठांचे कोपरे खाली दुमडतात, तिथं लाळ साचते, चीर पडते, बुरशी धरते. लोक मात्र मेडिकलातून व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून खात बसतात.

कवळीची चौकशी होते ती भाकरीसाठी. चेहऱ्याचं बोललं, तर 'या वयात काय नटायचंय' म्हणून घरचेच हसतात. पण भाकरी आणि चेहरा एकाच मापावर, दातांच्या उंचीवर, अवलंबून असतात. ते माप मेणाच्या ट्रायलला ठरतं. मेणात दात रोवलेली कवळी तोंडात घालून डॉक्टर ओठ बाजूनं पाहतात, 'साठ, एकसष्ट, बासष्ट' म्हणायला लावतात. दातांची उंची जास्त झाली, तर बोलताना दातांवर दात आपटतात. कमी झाली, तर नवी कवळी घालूनही हनुवटी वर चढलेलीच राहते. त्या दिवशी घरातलं माणूस आणि दात असतानाचा फोटो सोबत असावा. पुढं मेणाच्या जागी ॲक्रिलिक शिजलं, की फारसं बदलता येत नाही. अगदी पांढरेशुभ्र, एकसारखे दात मागणाऱ्यांनाही तेव्हाच आवरावं. सत्तरीच्या तोंडात ते दुकानातले वाटतात.

ओठ भरावे म्हणून कवळी जाड करणंही वाईट. अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. गिल्बर्ट स्टुअर्टनं १७९६ साली काढलेल्या त्यांच्या चित्रात तोंड फुगलेलं दिसतं, ते कवळीपायीच.

आणि उत्तम कवळीसुद्धा हाडाची झीज थांबवत नाही. म्हणून काही वर्षांनी ती सैल होते. तेव्हा ती आतून भरून घ्यावी लागते, नाहीतर बदलावी लागते. आपल्याकडे मात्र एकदा केलेली कवळी जन्माची समजतात आणि लग्नाकार्यालाच डबीतून काढतात. इम्प्लांटनं हाड बरंचसं टिकतं, पण तो खर्च कोरडवाहू घराला झेपणारा नाही. लातूरचं एमआयडीएसआर आणि नांदेडचं रुरल डेंटल कॉलेज ही दोन दंत महाविद्यालयं मात्र हाताशी आहेत, आणि पूर्ण कवळी करणं हा दंतवैद्यकाच्या पदवीच्या अभ्यासाचाच भाग आहे. तिथं चौकशी जरूर करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साठीपुढच्या सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नाही. केंद्रानं २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी-चष्म्याबरोबर कवळीही आहे. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तीत ६५ वर्षांवरच्या गरजूंना साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. तिच्या जाहीर यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, अगदी मानेचा पट्टाही आहे, पण कवळीचं नाव नाही. ते घालायला शासनाचं एक शुद्धिपत्रक पुरे आहे.