अंतर जास्त, वेळ कमी: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को

समजा तुमच्या संशोधनात 'दोन शहरांमधलं अंतर' हा एक चल आहे. विषय स्थलांतराचा असेल, व्यापाराचा असेल, नाहीतर परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा. तुम्ही अक्षांश-रेखांश घेता, हॅवरसाइनचं सूत्र टाकता, आकडा येतो आणि पुढच्या कॉलमकडे वळता. इथे जरा थांबा.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को घ्या. सूत्र सांगतं सुमारे १२,४०० किमी. हा पृथ्वीच्या पाठीवरचा सर्वांत जवळचा मार्ग, पण तो हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तरेच्या आसपास जातो. सपाट नकाशावर हे पटत नाही. ग्लोबवर दोरा ताणून बघा. प्रवासी विमानं मात्र तिबेटवरून उडणं शक्यतो टाळतात. केबिनमधला दाब अचानक गेला तर साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे.

एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, सुमारे १५,३०० किमी. म्हणजे १,४०० किमीचा वळसा! तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर.

भागाकार करून बघा. १५,३०० भागिले १४.५, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किमी. अशा विमानाचा हवेतला वेग साधारण ९०० च्या आसपास असतो. वरचा वेग दिला जेट स्ट्रीमने, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्याने. (पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हे उत्तर मुलाखतीत देऊ नका. वातावरणही तिच्याबरोबरच फिरतं.)

आता वेळ कशी मोजायची? स्थानिक वेळांची वजाबाकी करून तर अजिबात नाही. दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडलात, तर उन्हाळ्यात तिथे त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात. प्रवास दोन तासांचा! मी एकदा असा अख्खा कॉलम भरला होता. आधी सगळ्या वेळा यूटीसीमध्ये आणा. आणि वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, नुसत्या उड्डाणाची नाही, हेही लक्षात ठेवा.

मग अंतर घ्यायचं की वेळ? हेलसिंकी-टोकियो बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय संघाच्या विमानांना बंद झालं आणि फिनएअरचा साडेनऊ तासांचा प्रवास साधारण १३ तासांवर गेला. दोन्ही शहरं जागच्या जागीच आहेत, त्यामुळे अंतराच्या कॉलमला यातलं काहीच कळत नाही. पॅनल डेटात शहरजोडीचे फिक्स्ड इफेक्ट्स घातलेत, की न बदलणारं अंतर मॉडेलमधून गळूनच पडतं. वेळ टिकते, कारण ती बदलते.

भाषा, हवामान, शेजार असं काही तपासत असाल, तर सूत्राचं अंतर पुरेसं आहे. माणसं किती सहज येतात-जातात हा प्रश्न असेल तर वेळ घ्या, पण जाण्याची आणि येण्याची वेगळी, शिवाय हिवाळ्याची आणि उन्हाळ्याचीही वेगळी. हिवाळ्यात जेट स्ट्रीम जास्त जोरात वाहतो.