सहासष्ट बारशिंगे आणि गवताची राखण

वन्यजीवशास्त्रज्ञ म्हटले की गळ्यात दुर्बीण अडकवून वाघामागे फिरणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा दिवस लेंड्या मोजण्यात, गवताची उंची पाहण्यात आणि वहीत आकडे टिपण्यात जातो. या रूक्ष वाटणाऱ्या कामातून केवढे मोठे काम उभे राहू शकते, हे पाहायचे असेल तर मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलाची कहाणी ऐकायला हवी.

बारशिंगा हे देखणे हरीण बहुतेक ठिकाणी दलदलीत राहते. मध्य भारतातला बारशिंगा मात्र कठीण जमिनीवरचा, टणक खुरांचा. 1938 च्या सुमारास कान्हा परिसरात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज होता. 1970 मध्ये मोजणी झाली, तेव्हा उरले होते अवघे 66! ही जात जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. कान्हातून ती गेली असती, तर कायमचीच गेली असती.

दोष कोणाचा?

वाघाचा, असे वरवर पाहता कोणीही म्हणेल. पण चितळांना वाघ खात होताच, तरीही चितळ टिकून होते. 1963 ते 65 या काळात जॉर्ज शेल्लर यांनी कान्हात हरणांचा आणि वाघांचा अभ्यास केला. त्यानंतर 1971 मध्ये स्वित्झर्लंडचे क्लॉड मार्टिन आले आणि त्यांनी बारशिंग्यांचाच पाठपुरावा केला. उत्तर दडले होते गवतात. बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो आणि मादी आपले पाडस उंच गवतात लपवते. गुरांची चराई आणि दरवर्षीचे वणवे यांमुळे ते उंच गवतच नाहीसे झाले होते. पाडसांना लपायला जागा उरली नव्हती.

उपाय

निदान झाल्यावर उपचार सुरू झाले. वणव्यांवर आणि चराईवर नियंत्रण आले. थोड्या बारशिंग्यांसाठी गवताळ जागेला कुंपण घालण्यात आले. तिथे वाढलेली जनावरे पुढे मोकळ्या रानात सोडली गेली. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत कान्हाही होते.

याची किंमत मात्र माणसांनीही मोजली. बैगा आणि गोंड कुटुंबांची गावे जंगलातून हलवण्यात आली. आज पर्यटक ज्या कुरणांची छायाचित्रे घेतात, त्यांतली कित्येक कुरणे म्हणजे त्यांची जुनी शेते आहेत. बारशिंग्यांच्या यशाची गोष्ट सांगताना त्या कुटुंबांना विसरून चालणार नाही.

पुढे बारशिंग्यांची संख्या हजाराच्या घरात पोचली. तरीही काम संपले नाही. सगळी जनावरे एकाच जंगलात असली, तर एखादी साथ सर्वनाश करू शकते. म्हणून 2015 मध्ये काही बारशिंगे सातपुड्याच्या जंगलात नेण्यात आले. नरसाळ्याच्या आकाराच्या आडोशातून कळपाला हळूहळू आत घ्यायचे आणि तिथूनच गाडीत चढवायचे, अशी ही पद्धत. हरीण घाबरले तर दगावू शकते, म्हणून ही काळजी! त्याआधी 2011 आणि 2012 मध्ये कान्हातले गवे बांधवगडला नेले होते, कारण तिथले गवे नाहीसे झाले होते.

कुरणांची राखण अजूनही चालूच आहे. नको ती झुडपे काढावी लागतात, नाहीतर कुरणाचे जंगल होते आणि बारशिंग्याच्या तोंडचा घास जातो.

तुमच्या घरात प्राण्यांचे वेड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर या वाटेचा जरूर विचार करा. विज्ञानाची पदवी घेतल्यावर वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, 1982 मध्ये स्थापन झालेली, त्यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र मुलांना आधीच सांगून ठेवा, वाघ क्वचितच दिसेल, गवत मात्र रोज मोजावे लागेल.