स्वस्त जमैकन रमची पारख

जमैकन रमचा स्वाद प्रामुख्याने आंबवणीत घडतो. उसाची मळी पाण्यात कालवून आंबवली जाते. काही कारखाने आधीच्या ऊर्ध्वपातनानंतर भांड्यात उरलेले आंबट पाणी, म्हणजे ‘डंडर’, नव्या मिश्रणात घालतात. आंबवण लांबली की जिवाणूंना आम्ले तयार करायला अवधी मिळतो. आम्ले आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर बनतात. अतिपक्व केळी आणि अननसाचा वास त्यांचाच. त्यांचे प्रमाण १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे किती ग्रॅम असे मोजतात. जमैकात त्याची कमाल मर्यादा १,६०० ग्रॅम आहे.

रमची किंमत वाढते ती मुख्यतः ओकच्या पिंपात मुरवण्यामुळे. उष्ण हवेत पिंपातली रम झपाट्याने उडून जाते आणि वर्षानुवर्षे भांडवलही अडकते. न मुरवलेली रम म्हणूनच स्वस्त पडते, पण आंबवणीने दिलेला गंध तिच्यात शाबूत असतो. अशा बाटलीत ओकचा मऊपणा शोधण्यात अर्थ नाही.

किंग्स्टनमध्ये १८२५ साली सुरू झालेल्या जे. रे अँड नेफ्यू या कंपनीची ‘व्हाइट ओव्हरप्रूफ’ आणि वर्दी पार्क या कारखान्याची ‘रम-बार’ ओव्हरप्रूफ या याच वर्गातल्या. दोन्हींत अल्कोहोल ६३ टक्के. पहिलीत पॉट स्टिल आणि कॉलम स्टिल या ऊर्ध्वपातनाच्या दोन्ही यंत्रांतली रम असते, तर दुसरी केवळ पॉट स्टिलची. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या की यंत्राचा परिणाम समजतो: पॉट स्टिलमुळे रमला जडपणा येतो, कॉलममुळे चव हलकी होते.

चाखण्यासाठी तोंडाशी निमुळता पेला घेऊन त्यात २० मिली रम ओततात आणि काही मिनिटे थांबतात. तीव्र रममध्ये नाक खुपसले की अल्कोहोलच्या झणक्याने ते बधिर होते, म्हणून पेला जरा दूर धरून, ओठ किंचित उघडे ठेवून वास घेतात. पहिला घोट अगदी छोटा. मग साधारण १२ मिली पाणी घातले की तीव्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते आणि दबलेले वास वर येतात.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास थोडा असेल तर तो या शैलीचाच भाग. मात्र त्याखाली फळांचा गंध सापडत नसेल तर तो दोष. जळकट किंवा रबरी वासही दोषच. सोनेरी रंगावर भिस्त ठेवू नये, कारण तो कॅरॅमलने आणता येतो. लेबलवर वय दिले असेल तर ते मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या रमचे असते.

स्वस्त रम बहुधा मिसळूनच प्यायली जाते. त्यामुळे शेवटची कसोटी डायकिरीची: रम, लिंबाचा रस, साखर आणि बर्फ. या मिश्रणातही केळी-अननसाचा गंध ओळखू आला, तर ती बाटली दिलेल्या पैशांना पुरेपूर उतरली. नुसता तिखटपणा उरला, तर ती कितीही स्वस्त असली तरी महागच.