रेंज गेल्यावरही फोन उत्तर देतो, ते कुठून?



३१ जुलैला बंदी संपते. जाळी दुरुस्त करणं, इंजिन खोलून बघणं, होडीला रंग, सगळीकडे कामं चालू आहेत. यंदा त्यात फोनचं कामही धरा, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे. जाळं शिवत बसला असाल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला मोठ्याने वाचायला सांगा.

सुरुवात गेल्या मोसमातल्या एका गोष्टीपासून. आपला एक सभासद पहाटे केरीहून निघाला. बाहेर पोचल्यावर रेंज गेली, ते नेहमीचंच. वारा थोडा फिरल्यासारखा वाटला म्हणून त्याने हवामानाचं ॲप उघडलं. ॲपवर वारा मंद, लाट लहान, हिरवी खूण. तो निर्धास्त झाला आणि जाळं तासभर जास्त ठेवलं. परत येताना पाणी एवढं खवळलं की अर्धं जाळं कापून सोडून यावं लागलं. माणसं सुखरूप आली, देवाची कृपा. किनाऱ्यावर आम्ही त्याचा फोन हातात घेऊन बघितला, तर ती हिरवी खूण परवाची होती. तारीख होती, नाही असं नाही, पण खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. ॲपचं नाव आम्ही घेत नाही. तसं करणारी ॲपं बरीच आहेत, आणि रेंज नसताना हे उत्तर येतं कुठून, हे आपणही कधी कोणाला विचारलं नव्हतं.

ते येतं फोनच्या आतल्या वहीतून. प्रत्येक ॲप आपली एक वही फोनमध्ये ठेवू शकतं. रेंज असताना बाहेरून माहिती आणून त्यात लिहितं आणि नंतर त्यातून वाचून दाखवतं. खात्री करायची असेल तर आत्ताच नेट बंद करा, व्हॉट्सॲप उघडा आणि वरच्या भिंगात 'डिझेल' असं लिहून शोधा. गेल्या वर्षीचे मेसेजसुद्धा वर येतील. नेट नाही, तरी आले, कारण ते तुमच्याच फोनमधल्या वहीत आहेत.

बहुतेक फोनमध्ये ही वही ज्या पद्धतीची असते तिला एसक्यूलाइट म्हणतात. व्हॉट्सॲपची वही तीच, कॉन्टॅक्टची यादी तीच. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसाने ती २००० साली तयार केली. तो तेव्हा अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी प्रोग्रॅम लिहीत होता. बोटीला मार लागला तर कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे, अशा कामाचा. त्या प्रोग्रॅमची माहिती दुसऱ्या एका मोठ्या डेटाबेसकडून यायची आणि तो बंद पडला की प्रोग्रॅमही आंधळा. तेव्हा त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाला विचारायलाच नको, सगळी माहिती एका फाइलमध्ये जवळच असू दे. म्हणजे आज जगभर सगळ्यांच्या खिशात असलेली ही वही मुळात दर्यावरच्याच अडचणीतून आली. आम्हाला हे वाचून बरं वाटलं, म्हणून सांगितलं.

आता वहीला विचारायचं कसं? संस्थेचं रजिस्टर डोळ्यापुढे आणा. तुम्ही ऑफिसात येऊन सांगता, "माझं ऑक्टोबर महिन्यातलं बांगड्याचं वजन काढून द्या, तारखेप्रमाणे." एवढ्या वाक्यात चार गोष्टी आल्या. कुठलं रजिस्टर, कुठला रकाना, कुठली अट आणि कुठल्या क्रमाने. फोनमधल्या वहीलाही ॲप ह्याच चार गोष्टी सांगतं. त्याला इंग्रजीत क्वेरी म्हणतात, आपण मागणी म्हणू. फरक एकच. ऑफिसातला माणूस तुम्हाला ओळखतो. तुम्ही "बांगडे" म्हणालात काय आणि "बांगडो" म्हणालात काय, तो समजून घेतो. वही समजून घेत नाही. विचारलं तेवढंच आणि विचारलं तसंच ती देते.

त्या हवामानाच्या ॲपात हेच झालं असणार. "आजचा अंदाज दे" अशी मागणी असती तर आजचा नव्हताच, वहीने काही नाही म्हटलं असतं आणि आपला माणूस सावध झाला असता. मागणी होती "सगळ्यात शेवटचा अंदाज दे". शेवटचा म्हणजे परवाचा. वहीने तो प्रामाणिकपणे दिला. ॲप बनवणाऱ्याला वाटतं, पडदा रिकामा दिसला तर लोक ॲप काढून टाकतील. आमचं म्हणणं, रिकामा दिसू दे. जुन्या हिरव्या खुणेपेक्षा ते परवडलं.

हैदराबादच्या इनकॉइस संस्थेचा मासळीचा अंदाज तुमच्यापैकी बरेच जण बघतात. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातला हिरवेपणा बघून मासळी कुठे जमण्याची शक्यता आहे ते त्यात सांगतात. अमक्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती किलोमीटर, किती मीटर खोलीवर, असं सगळं असतं. शिवाय तो कुठल्या तारखेपर्यंत धरायचा तेही लिहिलेलं असतं. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही आणि मग नवा अंदाज येत नाही. अशा दिवशी फोन जुना अंदाज दाखवत असेल तर तो कालच्या बाजारभावासारखा. म्हणून आधी तारीख बघा, मग दिशा. उलटं नको, डिझेल आपलं जातं.

किनाऱ्यापासून साधारण १० ते १२ किलोमीटरच्या पुढे मोबाईलची रेंज धरूच नका. २०१७ च्या ओखी वादळाची आठवण काढा. डिसेंबरच्या सुरुवातीला हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर पाणी शॅकमध्ये शिरलं होतं. त्याच वादळात खाली केरळ-तामिळनाडूकडे, वादळ तयार होण्याआधीच खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचलाच नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी नावाचं उपकरण आलं. ते गगन उपग्रहांवरून इशारे घेतं आणि ब्लूटूथने फोनमधल्या ॲपला देतं. म्हणजे रेंज नसतानाही वहीत नवीन पान लिहिलं जातं. त्यात बोलणं एकाच बाजूने, तिकडून इकडे. तुम्हाला त्यावरून मदत मागता येत नाही. मदतीसाठी व्हीएचएफ चॅनल १६, आणि रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ नंबर. हा नंबर कॉन्टॅक्टमध्ये आत्ताच घालून ठेवा.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. संस्थेत मासळीची नोंद आम्ही रजिस्टरबरोबर एका साध्या ॲपवरही ठेवतो. गावातल्याच एका मुलाने ते करून दिलं. सभासद आपल्या फोनवर लिहितात आणि ऑफिसात आले की आमच्याकडे उतरवून घेतो. पहिल्याच महिन्यात भांडण. एक सभासद म्हणे, मी मंगळवारी आलो, तुमचं ॲप सोमवार दाखवतं. दुसऱ्याचंही तसंच. शेवटी लक्षात आलं की हे पहाटे येणाऱ्यांच्याच बाबतीत होतं. त्या एसक्यूलाइटला "आज कुठली तारीख" असं विचारलं आणि जास्त काही सांगितलं नाही, तर ती लंडनच्या ग्रीनिचची वेळ धरते. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत वहीत कालचीच तारीख. शहरातल्या माणसाला हे कधी कळणारसुद्धा नाही, तो तेव्हा झोपलेला असतो. आपला अर्धा धंदा त्याच वेळेत. त्या मुलाने एका शब्दाची दुरुस्ती केली आणि भांडण मिटलं, पण जुन्या नोंदी आम्हाला हाताने सुधाराव्या लागल्या.

दुसरी गंमत नावांची. एकाने बांगडा लिहिलं, एकाने बांगडो, एकाने इंग्रजी अक्षरांत. बांगडा शोधला की बाकीचे दोघे गायब. हे निदान डोळ्यांना दिसतं. तिसऱ्यांचं मात्र दिसतही नव्हतं. शापोरा नदीत तिसऱ्या काढणाऱ्या आपल्या भगिनींच्या नोंदी निम्म्याच येत होत्या. शब्द तोच, अक्षरं तीच, पडद्यावर अगदी सारखी. कारण असं की 'तिसऱ्या' मधला तो अर्धा र फोनवर दोन प्रकारे लिहिला जातो. वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळा. आपल्याला एकच दिसतो, वहीला दोन वेगळे शब्द. डिचोलीकडच्या नदीतल्या सभासदांची काळुंदरं आणि शेवटे यांचीही तीच कथा, तिथे कारण बोलीतला फरक. ह्यावर तात्पुरता उपाय म्हणजे पुरं नाव न लिहिता सुरुवातीची दोन अक्षरं लिहून शोधणं. 'तिस' लिहिलं की दोन्ही प्रकार येतात. कायमचा उपाय म्हणजे नाव टाइप करायलाच द्यायचं नाही, यादीतून निवडायचं. ती यादी आम्ही करतो आहोत.

आकड्यांचंही ऐका. किलोच्या रकान्यात काही जणांनी मराठी आकडे टाकले. यादीत नोंद व्यवस्थित दिसते, पण बेरीज करताना वही त्याला आकडा समजत नाही, अक्षर समजते आणि शून्य धरते. एका सभासदाचे सहा दिवस असे बेरजेतून गेले होते. म्हणून वजन आणि भाव इंग्रजी आकड्यांतच लिहा. मराठीचा अभिमान आम्हालाही आहे, नावं मराठीत लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी आम्ही एवढं लिहायला बसलो. एका सभासदाला किसान क्रेडिट कार्डासाठी मोसमाचा हिशेब हवा होता. मच्छीमारांना ही सोय २०१८ च्या बजेटपासून झाली. वाईट मोसम गेला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत. पण ॲपने दिवसाची सरासरी काढली ती चांगली भरघोस. कसं काय? ज्या दिवशी रिकाम्या हाती आला त्या दिवशी त्याने काही लिहिलंच नव्हतं. मासळी नाही तर लिहायचं काय, असा त्याचा विचार, आणि तो कोणाचाही असतो. जे लिहिलं नाही ते वहीत नाही. जिथे तारीख होती पण वजनाचा रकाना कोरा होता, ते दिवसही सरासरीत धरले गेले नाहीत. कारण वहीसाठी कोरा आणि शून्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी. कोरा म्हणजे माहीत नाही, शून्य म्हणजे गेलो होतो आणि मिळालं नाही. समजा तीन दिवस गेलात, एक दिवस साठ किलो मिळाली आणि दोन दिवस काही नाही. शून्य लिहिलंत तर सरासरी वीस किलो. कोरं सोडलंत तर साठ. कागदावर तुम्ही श्रीमंत. मग डिझेलचा खर्च कसा भागला नाही, हे कोणाला पटवणार? रिकाम्या हाती आलात तरी शून्य लिहा. लाज वाटायचं कारण नाही, दर्या आहे तो.

फोन अडकायला लागला की दुकानात सांगतात, ॲपचा डेटा क्लिअर करा. सेटिंगमध्ये दोन बटणं असतात. कॅशे पुसली तर बिघडत नाही. डेटा पुसला तर पूर्ण वही गेली. ॲप काढून परत घातलं तरी तेच. ज्या ॲपची दुसरी प्रत कुठे नाही, त्याची वही तुमच्या फोनबरोबर पाण्यात पडू शकते हेही लक्षात घ्या. आपल्यात दर मोसमाला एक-दोन फोन पाण्यात जातातच. आठवड्यातून एकदा ऑफिसात या, आम्ही उतरवून घेतो.

निघण्याआधी एक परीक्षा धक्क्यावरच करा. रेंज असताना सगळी ॲपं एकदा उघडा म्हणजे वही भरेल. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि प्रत्येक ॲप परत उघडून बघा. जे उत्तर देतं ते बाहेरही देईल. जे नुसतं गोल गोल फिरतं त्याच्याकडे वहीच नाही, बाहेर त्याचा भरवसा धरू नका. जे उत्तर देतं त्यावरची तारीख शोधून ठेवा, कुठल्या कोपऱ्यात आहे ती. जीपीएसचं मात्र वेगळं आहे. जागा सांगणारे सिग्नल सरळ उपग्रहावरून येतात, त्यांना रेंज लागत नाही. नकाशा दिसायला तो आधी उतरवलेला लागतो.

मासळीच्या नावांची यादी ऑफिसात भिंतीला लावली आहे, आतापर्यंत बेचाळीस नावं झाली. लेपो आणि लेप एक धरायचे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तारली आणि पेडवे एक की दोन, यावर रापणकार आणि जाळीवाले यांचं अजून जमत नाही. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी बाजार आटोपल्यावर यावं. येताना फोन चार्ज करून आणा.