पाय धरणारा चाप

उंदराचा चाप विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असतो. खटका सुटतो, तार मानेवर आदळते आणि उंदीर जागीच मरतो. चापाचा दुसरा एक प्रकार मात्र जनावराला मारत नाही. तो त्याचा पाय धरतो आणि चाप लावणारा येईपर्यंत त्याला जिवंत अडकवून ठेवतो. उत्तर अमेरिकेत बॉबकॅट नावाचे आखूड शेपटीचे, आपल्या रानमांजराहून थोराड असे मांजर कातड्यासाठी अशा चापाने पकडले जाते. कोणत्या मापाचा चाप निवडावा, त्याचे जबडे कसे असावेत, साखळी किती लांब असावी, याची तिकडे बारकाईने चर्चा चालते.

वऱ्हाडातील शिक्षकाला बॉबकॅटशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण याच जातीचे, फक्त अनेक पटींनी मोठे आणि दातेरी जबड्यांचे चाप मध्य भारतातील जंगलांत पाणवठ्यांच्या वाटांवर पुरलेले सापडले आहेत. एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या परिघातील पळसगाव वनपरिक्षेत्रात दोन वाघ अशा चापांत अडकलेले आढळले. एक मेला होता, दुसऱ्याला वाचवता आले. पुढच्याच वर्षी अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील ढाकणा परिसरात झालेली वाघाची शिकार उघडकीस आली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची हद्द अमरावतीपासून अकोल्यातील नरनाळ्यापर्यंत पसरलेली आहे आणि तिच्या आतबाहेर शेकडो शाळा आहेत. तेव्हा हे यंत्र काय करते ते समजून घेणे आपल्याला परके नाही. शिवाय आठवी ते दहावीच्या पदार्थविज्ञानाचा निम्मा भाग त्यात सामावलेला आहे.

चापाची रचना साधी असते. दोन अर्धवर्तुळाकार जबडे, त्यांना मिटवू पाहणाऱ्या एक-दोन स्प्रिंगा, मध्ये एक चपटी पट्टी आणि तिला अडकवलेला खटका. जबडे उघडताना माणूस स्प्रिंग दाबतो, म्हणजे आपल्या स्नायूंची ऊर्जा तिच्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठवतो. समजा, स्प्रिंग ६ सेंटिमीटर दाबायची आहे आणि शेवटी ५०० न्यूटन बल लागते. बल शून्यापासून वाढत जाते, म्हणून सरासरी २५० न्यूटन धरू. २५० गुणिले ०.०६ म्हणजे १५ जूल. पट्टीवर पाय पडला की खटका निसटतो आणि एवढी ऊर्जा सेकंदाच्या काही शतांश भागात मोकळी होते. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जबडे मिटल्यावरही स्प्रिंग पुरती सैल होत नाही. ती दाबतच राहते. चाप पाय ‘धरतो’ तो या उरलेल्या दाबामुळे.

आता खरा प्रश्न बलाचा नसून दाबाचा आहे. तेच ५०० न्यूटन बल ६ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर लांब कडेवर पडले, तर क्षेत्रफळ ३.६ चौरस सेंटिमीटर होते आणि दाब सुमारे १४० न्यूटन प्रतिचौरस सेंटिमीटर. कड दुप्पट रुंद केली की दाब निम्मा. म्हणूनच जबड्याला जादा पट्टी जोडून कड जाड करतात किंवा तीवर रबराची गादी बसवतात. मिटलेल्या जबड्यांत थोडी फट ठेवण्याचीही पद्धत आहे. आता उलट करून पाहू. जबड्याला चार दाते आहेत आणि प्रत्येकाचे टोक ४ चौरस मिलिमीटर आहे असे धरा. बल तेच, पण दाब ३००० न्यूटन प्रतिचौरस सेंटिमीटरच्या वर जातो. कातडी फाटते, स्नायुबंध तुटतात, हाडही तडकू शकते. दात्यांनी पकड घट्ट होते हा समज आहे. पकड स्प्रिंगेची असते, दाते फक्त जखम करतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत दातेरी चापांना बंदी आहे ती याच कारणाने.

वर्गात यासाठी चाप मुळीच आणू नये. कपडे वाळत घालायचा चिमटा, तानकाटा, मळलेली शाडू आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा पुरे. चिमटा उघडायला किती बल लागते ते तानकाट्याने मोजा. मग तोच चिमटा शाडूच्या कांडीला तीन प्रकारे लावा: एकदा तसाच, एकदा टोकांवर ट्यूब गुंडाळून, एकदा टोकांना खिळ्यांची डोकी चिकटवून. ठशांची खोली मोजली की मुलांना वरील गणित सांगावे लागत नाही.

बॉबकॅटचे वजन साधारण ६ ते १५ किलो आणि पाऊल जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद असते. त्यासाठी जबड्यांचा घेर साधारण १३ ते १५ सेंटिमीटर घेतात. लहान घेराचा चाप फक्त बोटे पकडतो, ती निसटतात किंवा चिरडतात. मोठ्या घेराचा फार वर, पायाच्या सडपातळ हाडावर बसतो. पट्टीचा ताण असा ठेवतात की सशासारखे हलके जनावर वरून गेले तरी खटका सुटू नये. निवड होते ती एवढ्या गोष्टींवर, आणि तिची मर्यादाही येथेच आहे. चापाला फक्त वजन कळते, जात कळत नाही. वाघासाठी लावलेला चाप फार तर हलक्या जनावरांना सोडून देईल. मेळघाटातल्या वाटेवरून बिबट्या जातो, अस्वल जाते, वनरक्षक जातो आणि मोहफुले वेचायला निघालेली कोरकू मुलेही जातात.

बहुतेक इजा चाप मिटताना होत नाही, नंतर होते. अडकलेले जनावर उसळी मारते. १० किलोचे मांजर सेकंदाला ५ मीटर वेगाने झेपावले, तर त्याची गतिज ऊर्जा १२५ जूल. साखळीने त्याला ५ सेंटिमीटरांत थांबवले, तर पायावर सरासरी २५०० न्यूटन बल येते. साखळीत स्प्रिंग घालून तेच ३० सेंटिमीटरांत थांबवले, तर सुमारे ४२०. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच हे तत्त्व. साखळीतल्या फिरत्या कडीमुळे पाय पिळला जात नाही.

हेच गणित वाघाला लावा. १८० किलोचा वाघ त्याच वेगाने उसळला तर ऊर्जा अठरापट, २२५० जूल, आणि ५ सेंटिमीटरांत थांबल्यास बल ४५,००० न्यूटन. हाडही जाड असते ना, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारीलच. असते, पण गॅलिलिओने दाखवून दिल्याप्रमाणे वजन लांबीच्या घनाने वाढते आणि हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ वर्गाने. वजन १८ पट झाले तर छेद सुमारे सातपट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर येणारा भार अडीचपटीहून जास्त. मांजराचा चाप नुसता मोठा करून वाघाचा चाप होत नाही, तो पाय मोडणारे यंत्र होतो. सायबेरियन वाघांच्या अभ्यासात, जो रशियात १९९२ साली सुरू झाला, संशोधकांनी पायात अडकणारे तारदोरीचे फासे वापरले, जबड्यांचे चाप नव्हेत. फास्यांना रेडिओ संदेशक जोडलेले असत, म्हणजे वाघ अडकल्याचे लवकर कळे. तरीही काही वाघांचे दात तुटले.

या यंत्राचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्यूएल न्यूहाउसने १८२३ च्या सुमारास असे चाप हाताने घडवायला सुरुवात केली. शतकाच्या मध्यास ते कारखान्यात निघू लागले. १९९१ साली युरोपीय समुदायाने पाय धरणाऱ्या चापांवर बंदीचा नियम केला आणि अशा चापांनी मिळवलेल्या कातड्यांच्या आयातीवरही रोख धरला. मग अमेरिकेत चापांच्या पद्धतशीर चाचण्या सुरू झाल्या. तेथील कसोटी अशी की पकडलेल्यांपैकी निदान ७० टक्के जनावरांना मध्यम इजेपलीकडे काही होऊ नये. उरलेल्या ३० टक्क्यांचे काय, हा प्रश्न मला तरी त्या कसोटीपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे निवडीचा प्रश्नच उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दातच फासा किंवा सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे येते, आणि ‘शस्त्रा’च्या व्याख्येत बंदुकीबरोबर सापळाही आहे. वाघाच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे. संशोधनासाठी परवानगी मिळू शकते. लांडग्यांना रेडिओपट्टे बांधताना रबरी गादीचे चाप येथेही वापरले गेले आहेत. पण वस्तीत शिरलेल्या बिबट्यासाठी वनखाते पिंजरा लावते किंवा भुलीचे इंजेक्शन मारते.

फासा हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही. फासेपारधी समाजाचे नावच त्यावरून पडले. पण तित्तिरासाठी लावायचा केसांचा फास आणि दातेरी लोखंड यांची गल्लत करून आजही त्या समाजातल्या मुलांकडे संशयाने पाहिले जाते. शाळेत तरी ते होऊ नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का कायदा १९५२ साली गेला तरी पुसला गेलेला नाही.

शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. रानडुक्कर तूर आणि हरभरा उद्ध्वस्त करतो, म्हणून काही जण बांधावर क्लचवायरचा फास लावतात किंवा कुंपणात थेट वीज सोडतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच विजेने एक वाघीण मेली. तारेचा फास तर चापाहून वाईट. त्याला स्प्रिंग नसते, पण जनावर जितके ओढेल तितका तो आवळत जातो आणि रक्तपुरवठा बंद होतो. डुक्कर आणि बिबट्या हा फरक त्याला कळत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई मागता येते. ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि फास कमी करायचे असतील तर आधी तिची दखल घ्यावी लागेल.

पुरलेला चाप शोधायला गस्तीवरचे वनरक्षक धातुशोधक यंत्र वापरतात. प्रत्यावर्ती प्रवाह वाहणाऱ्या वेटोळ्याजवळ लोखंड आले की त्यात विद्युतप्रवाह प्रेरित होतो आणि यंत्र वाजते. मुलांजवळ असे यंत्र नसते. वाटेवर साखळीचे टोक, ताजी उकरलेली माती किंवा झाडाला बांधलेली तार दिसली तर पुढे पाऊल टाकू नये, काठीने ढोसू नये, आलेल्या पावलांवरून मागे फिरावे आणि वनरक्षकाला किंवा राज्याच्या वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. हे शाळेच्या फळ्यावर एकदा लिहून ठेवले तरी चालेल.