आपत्कालीन अनुदान : वेळेवर पोचलेला पैसा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला पूर आला आणि चिपळूण पाण्याखाली गेलं. पाणी ओसरलं, पण घराघरांत, दुकानांत चिखल राहिला. अशा वेळी आधी कोण धावतं? गावातली छोटी संस्था, बचतगट, तरुण मंडळ. कुठल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. अडचण एकच, गाठीशी पैसा नसतो. नेहमीचं अनुदान ठरलेल्या कामासाठीच वापरता येतं आणि नवा प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागतो.

आपत्कालीन अनुदान ही अडचण सोडवतं. अर्ज छोटा, निर्णय लवकर. 'स्टार्ट फंड' हा आंतरराष्ट्रीय निधी आपल्या सदस्य संस्थांना ७२ तासांत पैसे मंजूर करतो. बाहेरून बरेचदा जुन्या कपड्यांचे ढीग येतात; हवी असतात फावडी, गमबूट, पाणी उपसायचे पंप. रोख रक्कम हाती असली की संस्था नेमकं तेच घेते. मात्र हिशोब चोख हवा, प्रत्येक पावती जपून ठेवायला हवी.

वर्गात विचारून बघा : "५०,००० रुपये आहेत, उद्या पूर ओसरणार. आधी काय घ्याल?" मुलांची यादी पालकांनीही वाचावी. गावाची तयारी तिथूनच सुरू होते.