दोन डिस्क, एक सर्व्हर: पार्टिशन आधी कागदावर आखा

समजा, तुमचं संशोधन दिघीत, राजपुरी खाडीच्या तोंडाशी चालू आहे. जेट्टीवरचा सेन्सर दर मिनिटाला पाण्याची पातळी मोजतो आणि जवळच्या खोलीतला लिनक्स सर्व्हर ती साठवतो. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा करता येतो, पण कालची भरती पुन्हा मोजता येत नाही. म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन रेड-१, म्हणजे मिरर करायचा. प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिली जाते. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं.

पार्टिशन करताना एकच प्रश्न विचारायचा: हा भाग भरला किंवा बिघडला, तर बाकी काय वाचलं पाहिजे?

ईएफआय (५१२ एमबी): मशीन सुरू करणारं फर्मवेअर लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड ओळखत नाही. हे पार्टिशन दोन्ही डिस्कवर वेगवेगळं करा आणि बूटलोडर दोन्हीकडे बसवा. नाहीतर पहिली डिस्क गेल्यावर डेटा शाबूत, पण मशीन सुरूच होत नाही.

बूट (१ जीबी): मिरर करा.

उरलेल्या जागेचा एक मोठा मिरर करून त्यावर एलव्हीएम घ्या. त्यात:

रूट (५० जीबी) आणि व्हार (५० जीबी) वेगळे ठेवा. लॉग व्हारमध्ये जातात. सेन्सर बिघडून रात्रभर एररचा पाऊस पडला, तरी रूट आणि डेटा भरत नाही.

स्वॅप (८ जीबी): हेही मिररवरच. एकाच डिस्कवर असेल आणि तीच गेली, तर चालू प्रोग्रॅम कोसळतात.

डेटा: सुरुवातीला २ टीबी पुरे. बाकी जागा मोकळी सोडा. पार्टिशन वाढवणं सोपं, कमी करणं कटकटीचं. एक्सएफएसमध्ये तर ते जवळजवळ जमतच नाही.

डिस्कच्या शेवटी एक-दोन जीबी कोरी ठेवा. बदली डिस्क किंचित लहान निघाली तर ती मिररमध्ये बसणार नाही.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. तशा वादळात छप्पर उडालं, तर एका डब्यातल्या दोन्ही डिस्क एकत्रच भिजणार. तिसरी प्रत रोज पुण्या-मुंबईकडे गेलीच पाहिजे.

डेटा भरण्याआधी सर्व्हर बंद करून एक डिस्क काढा आणि मशीन सुरू होतं का बघा. मग ती परत लावा, मिरर पूर्ण जुळू द्या आणि दुसरी काढून बघा. दोन्ही वेळा सुरू झालं, तरच सेन्सर जोडा.